हल्ल्यानंतरचे सावरणे : राईनपाडा ते मंगळवेढा

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. मृत पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते आणि त्यांतील बहुतेकांची घरे सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यात होती. घटना घडली खानदेशात. कर्ते पुरुष गमावले ते तेथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या माणदेशालगतच्या कोरडवाहू पट्ट्यातील कुटुंबांनी.

हिंसक हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना आधार देणाऱ्या अनेक सोयी आज महाराष्ट्रात आहेत. विधी सेवा प्राधिकरण आहे, नुकसानभरपाईची योजना आहे, शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, निराधारांसाठी अनुदान आहे. मात्र या बहुतेक सोयी दोन गोष्टी गृहीत धरतात. पीडित आणि गुन्ह्याचे ठिकाण एकाच जिल्ह्यात असेल, ही पहिली. आणि पीडितापाशी रहिवासाचे, जातीचे व वारसाचे कागद तयार असतील, ही दुसरी. राईनपाड्याच्या प्रकरणात दोन्ही गृहीतके कोलमडली. त्यामुळे हल्ल्यानंतर सावरण्याची व्यवस्था कशी चालते आणि कोठे अडते, हे समजून घेण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील या कुटुंबांचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते.

घटना आणि पार्श्वभूमी

डवरी गोसावी हे नाव ‘डौर’ या लहान चर्मवाद्यावरून आले. भगवी वस्त्रे, हाती डौर, मुखी भैरवनाथाची व शिवाची गाणी आणि दारोदार भिक्षा, हा या जमातीचा परंपरागत जीवनक्रम. पाऊसपाण्याचा अंदाज घेऊन ही कुटुंबे गाव सोडतात, एखाद्या बाजारगावाबाहेर पाले टाकतात आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांत फिरतात. राईनपाड्यात मारले गेलेले लोकही पिंपळनेर परिसरात पाल टाकून राहत होते.

त्या वर्षी मे-जूनपासूनच मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर पसरत होत्या. अनोळखी वेश, अनोळखी बोली आणि गावाशी नाते नसणे एवढे संशयाला पुरेसे ठरत होते. बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न झाल्याचे निमित्त झाले आणि जमाव चालून गेला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण करण्यात आली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. मारहाणीच्या चित्रफिती पुढे अनेक दिवस मोबाइलवर फिरत राहिल्या.

त्याच सुमारास मालेगावात वेगळे चित्र दिसले. तेथेही मुले पळविणारे समजून जमावाने एका भटक्या कुटुंबाला घेरले होते. त्यात दोन वर्षांचे मूलही होते. स्थानिक नागरिकांनी त्यांना आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांची सुटका केली. अफवा तीच होती, जमावही तसाच होता. मध्ये उभे राहणारे लोक तेवढे वेगळे होते.

अशा घटना तेथेच थांबल्या नाहीत. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मंगळवेढ्याला लागून असलेल्या जत तालुक्यात, लवंगा येथे, विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ते बचावले. सोलापूर जिल्हा हा विठ्ठल आणि सिद्धेश्वर यांच्या वाटेवरचा जिल्हा आहे. भिक्षुक, वारकरी, लोककलावंत आणि ऊसतोड मजूर यांची ये-जा येथे बाराही महिने असते. त्यामुळे हा प्रश्न जिल्ह्यापुरता तरी अपवादात्मक म्हणता येत नाही.

‘पीडित’ या शब्दाची व्याप्ती

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी गुन्ह्यातील पीडितांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात न्यायापर्यंत पोहोचण्याची वाट व सन्मानाची वागणूक, गुन्हेगाराकडून भरपाई, शासनाकडून नुकसानभरपाई आणि वैद्यकीय, मानसिक व सामाजिक साहाय्य, असे चार हक्क सांगितलेले आहेत. भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ पासून ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या आली. तीत पालक आणि कायदेशीर वारस यांचाही समावेश होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली.

याचा अर्थ असा की, राईनपाड्यासारख्या घटनेत मागे राहिलेली पत्नी, मुले आणि वृद्ध आई-वडील हे केवळ साक्षीदार किंवा मदतीचे याचक नसतात. कायद्याच्या दृष्टीने ते स्वतः पीडित असतात आणि त्यांना स्वतंत्र हक्क असतात. प्रत्यक्षात मात्र ही गोष्ट त्यांना सांगणारे कोणी पहिल्या आठवड्यात क्वचितच भेटते.

पहिले तास, पहिले दिवस

हल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्तीवर तातडीने उपचार करणे हे शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसांची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार ठाणे प्रमुखाच्या किंवा त्या भागातील दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावरून विधी सेवा प्राधिकरण पीडिताला विनामूल्य प्रथमोपचार व वैद्यकीय सोय तत्काळ मिळवून देऊ शकते. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातील पीडितांवर सर्व रुग्णालयांनी मोफत उपचार करणे तर कलम ३९७ ने बंधनकारकच केले आहे.

गुन्हा कोठे घडला याचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविता येते. कलम १७३ मुळे ‘शून्य क्रमांका’ने नोंद करून ती संबंधित ठाण्याकडे पाठविणे आता कायद्याचाच भाग आहे. म्हणजे पुणे किंवा नाशिककडे हल्ला झालेला आणि जीव वाचवून घरी परतलेला माणूस मंगळवेढा, सांगोला किंवा सोलापूर शहरातील ठाण्यात फिर्याद देऊ शकतो. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि संवेदनशील प्रकरणे वगळता ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही उपलब्ध असते.

मृतदेहांचा प्रश्न याहून नाजूक असतो. राईनपाड्याच्या घटनेनंतर नातेवाइकांनी भरपाई आणि अन्य मागण्यांविषयी लेखी आश्वासन मिळेपर्यंत मृतदेह ताब्यात घेण्यास नकार दिला होता. शासनाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. प्रशासनाने लेखी हमी दिल्यानंतरच मृतदेह मंगळवेढ्याकडे रवाना झाले. अशा नकाराकडे हटवादीपणा म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या समाजाला एकदा परतल्यावर पुन्हा त्या कार्यालयापर्यंत येण्याची शाश्वती नसते, त्याच्यापाशी वाटाघाटीचे दुसरे साधनही नसते.

कागदपत्रांचा प्रवास

नंतरच्या महिन्यांत कुटुंबांची सर्वाधिक दमछाक कागदपत्रांसाठी होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथेच होते. त्यामुळे मंगळवेढ्याच्या रहिवाशाचा मृत्यूचा दाखला साक्री तालुक्यातून आणावा लागतो. गुन्हा तेथील पोलीस ठाण्यात, शवविच्छेदन तेथील रुग्णालयात आणि खटला धुळ्याच्या न्यायालयात. वारसाचा दाखला, शिधापत्रिका, बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला मात्र मंगळवेढ्याच्या तहसीलशी जोडलेला. दोन्ही टोकांचे कागद एकत्र आल्याशिवाय कोणत्याही योजनेचा अर्ज पूर्ण होत नाही. मृत्यूच्या नोंदी ऑनलाइन झाल्याने हे अंतर अलीकडे काहीसे कमी झाले असले, तरी नाव, वय किंवा आडनाव यांत एका अक्षराचा फरक पडला की फेरा पुन्हा सुरू होतो.

भटक्या जमातींबाबत आणखी एक अडचण असते. जातीचा दाखला मिळविण्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे आयुष्य पालात गेले आणि ज्यांचे नाव ना सातबारावर ना शाळेच्या दाखल्यावर, त्यांच्याकडे असा पुरावा कोठून असणार? सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये केंद्राला सादर केलेल्या अहवालात भटक्या-विमुक्तांच्या निवाऱ्याचा आणि ओळखपत्रांचा प्रश्न मांडला होता. राईनपाड्याची घटना त्यानंतर दहा वर्षांनी घडली.

नुकसानभरपाई : तरतूद आणि मर्यादा

पूर्वीच्या फौजदारी संहितेतील कलम ३५७-अ आणि आताचे कलम ३९६ यांनुसार प्रत्येक राज्याला पीडितांसाठी नुकसानभरपाईची योजना करावी लागते. महाराष्ट्राने अशी योजना २०१४ मध्ये लागू केली. बलात्कार, बाललैंगिक अत्याचार व ॲसिडहल्ला यांतील पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे. भरपाई किती द्यावी हे जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरण ठरविते.

या तरतुदीतील तीन मुद्दे सर्वसामान्यांना फारसे ठाऊक नसतात. पहिला, आरोपी सापडला नाही किंवा ओळखता आला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याचे अवलंबित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. दुसरा, अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावयाची असते. तिसरा, आरोपी निर्दोष सुटले तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज ओळखून न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. जमावाच्या हल्ल्यात हा तिसरा मुद्दा मोलाचा ठरतो. कारण शेकडोंच्या गर्दीत कोणाचा घाव प्राणघातक ठरला हे सिद्ध करणे अवघड असते.

तुलनेसाठी अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याकडे पाहता येईल. त्याच्या नियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार हत्येच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपयांची मदत टप्प्याटप्प्याने निश्चित केली गेली. शवविच्छेदनानंतर निम्मी आणि आरोपपत्र दाखल झाल्यावर उर्वरित. याशिवाय अवलंबितांना मासिक निवृत्तिवेतन, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि तातडीचे धान्य यांचीही तरतूद आहे. डवरी गोसावी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. अनुसूचित जातींत किंवा जमातींत नाही. म्हणून हे कवच त्यांना लागू होत नाही आणि मदत किती व केव्हा, हे त्या त्या वेळच्या घोषणेवर अवलंबून राहते.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश

राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तेहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींविषयी सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा आणि पीडिताच्या कुटुंबाला पुन्हा त्रास होणार नाही याची जबाबदारी त्याने घ्यावी. राज्यांनी झुंडबळींसाठी भरपाईची योजना महिनाभरात करावी. घटनेपासून तीस दिवसांत अंतरिम मदत द्यावी. आणि भरपाई ठरविताना शारीरिक इजेसोबत मानसिक इजा, बुडालेली कमाई, रोजगाराच्या व शिक्षणाच्या हुकलेल्या संधी आणि न्यायालयीन व वैद्यकीय खर्च यांचाही विचार करावा, असे त्यात सांगितले आहे.

मानसिक इजा आणि मुलांचे हुकलेले शिक्षण यांना भरपाईच्या हिशेबात स्थान मिळणे, हा या निर्देशांचा सर्वांत दूरगामी भाग होय. खटले विशेष जलदगती न्यायालयांपुढे, शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, असेही न्यायालयाने म्हटले होते. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) ने पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा किंवा तत्सम कारणावरून केलेली हत्या हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. त्यासाठी मृत्युदंड किंवा जन्मठेप अशी शिक्षा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, अमलात आली. तथापि शिक्षेची तरतूद वाढली म्हणून कुटुंबाचे सावरणे आपोआप सोपे होत नाही.

न्यायालयाच्या पायरीवर

खटल्याच्या काळात कुटुंबाला काही हक्क आवर्जून मागावे लागतात. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पीडिताला न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या साहाय्यासाठी स्वतःचा वकील देता येतो आणि वकिलामार्फत उपस्थित असल्यास आरोपपत्राच्या प्रती मिळतात. झुंडबळीच्या खटल्यात जामीन, दोषमुक्ती किंवा शिक्षा यांवर निर्णय होताना कुटुंबाचे म्हणणे ऐकले जावे, हेही २०१८ च्या निर्देशांत आहे.

विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये आहे. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तो मिळतो. म्हणजे मृताची पत्नी आणि अल्पवयीन मुले तर निश्चितपणे पात्र असतात. सोलापुरात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. कुटुंबाने प्रथम तेथे अर्ज करावा आणि त्या कार्यालयाने गुन्ह्याच्या जिल्ह्यातील प्राधिकरणाशी दुवा जोडावा, हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग होय. प्रत्येक तारखेला चारशे किलोमीटरचा प्रवास करून मजुरी बुडविणे कोणत्याही कष्टकरी कुटुंबाला परवडणारे नाही.

मनावरील आघात

हल्ल्यानंतर झोप न लागणे, दचकून उठणे, तीच दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, गर्दीची भीती वाटणे किंवा काहीच न जाणवणे ही बहुतेक माणसांत दिसणारी प्रतिक्रिया आहे. पुष्कळांच्या बाबतीत ती काही आठवड्यांत ओसरते. एक महिन्यानंतरही लक्षणे टिकून राहिली आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रे दिली आहेत : पाहा, ऐका आणि जोडून द्या. सुरक्षितता आणि तातडीची गरज पाहावी. माणूस जेवढे सांगेल तेवढेच शांतपणे ऐकावे. आणि त्याला नातेवाईक, अन्न, निवारा, वैद्यकीय सेवा यांच्याशी जोडून द्यावे. ‘काय घडले ते सगळे सांगा’ असा आग्रह धरून घटनेची उजळणी करून घेणे उपयोगाचे नसते, उलट त्याने हानी होऊ शकते. वार्ताहर, कार्यकर्ते, अधिकारी आणि सांत्वनाला येणारे पुढारी यांनी एकाच विधवेला दिवसभरात दहा वेळा तीच हकिकत सांगायला लावू नये, एवढे पथ्य पाळले तरी मोठी मदत होते.

मृत्यूच्या चित्रफिती हा या काळातील नवा आघात होय. वडिलांना मारले जात असल्याचे दृश्य मुलांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या मोबाइलवर केव्हाही येऊ शकते. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली. परंतु शाळेत आणि वस्तीत ती चित्रफीत कोणी दाखवू नये याची काळजी शिक्षकांनी आणि शेजाऱ्यांनीच घ्यावी लागते.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. मंगळवेढ्याहून ते सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते. पण पालात राहणारी स्त्री आपणहून दूरध्वनी करून मनाचे दुखणे सांगेल, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची परिचारिका यांनी तिच्यापर्यंत जाणे हाच खरा दुवा ठरतो.

स्त्रिया आणि मुले

एकरकमी मदत लवकर संपते. जुनी कर्जे, अंत्यविधी, प्रवास आणि आजारपण यांत ती विरून जाते. म्हणून दरमहा मिळणाऱ्या लहान रकमांचे महत्त्व अधिक आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र विधवेला २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कर्ता मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब साहाय्य योजनेतून २०,००० रुपये एकदाच मिळतात. पहिल्या व तिसऱ्या योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात, तर बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करावा लागतो.

मुलांच्या बाबतीत विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीच्या आश्रमशाळा हा मोठा आधार आहे. तरीही आघातानंतर लगेच मुलाला घरापासून तोडून वसतिगृहात ठेवणे नेहमीच हितावह नसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्याजवळ वाघोलीला शिक्षणासाठी नेले आणि त्यांतील अनेकांची आयुष्ये उभी राहिली. त्याच वेळी गावात राहिलेल्या मुलांसाठी ओळखीची माणसे, ओळखीची भाषा आणि नियमित शाळा यांनीच सावरण्याचे काम केले. कोणता मार्ग योग्य, हे मूल आणि त्याची आई यांना विचारूनच ठरले पाहिजे.

शेजारच्या अनुभवातून

किल्लारीचा भूकंप हा हल्ला नव्हता. परंतु सोलापूरच्या सीमेलगत घडलेल्या त्या आपत्तीने पुनर्वसनाची एक उपयुक्त पद्धत दिली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने स्थानिक महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरबांधणीचे अनुदान, यादीतील नावे, तक्रारी आणि माहिती हे सारे त्यांच्यामार्फत शासन व गाव यांच्यात पोहोचत असे. कुटुंबाला कार्यालयाकडे धाव घ्यावी लागण्याऐवजी कार्यालयाची माहिती कुटुंबाकडे येऊ लागली.

हीच कल्पना हल्ल्यातील पीडितांसाठी नॉर्वेने वापरली. २२ जुलै २०११ रोजी तेथे झालेल्या हल्ल्यांत ७७ जण मारले गेले. त्यांतील ६९ जण उटोया बेटावरील युवक शिबिरात होते. शिबिराला देशभरातून मुले आली होती, त्यामुळे पीडित कुटुंबे एका शहरात नव्हती; ती सर्व देशात विखुरलेली होती. म्हणून प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतील पीडितासाठी एक संपर्क व्यक्ती नेमली. या व्यक्तीने वाट पाहत बसायचे नाही, आपणहून संपर्क साधायचा. आणि तो किमान वर्षभर टिकवायचा, असे ठरले. नॉर्वेएवढा पैसा मंगळवेढ्यापाशी नाही. पण एका कुटुंबामागे एक ओळखीचा माणूस नेमण्यास फार पैसा लागत नाही. तलाठी, ग्रामसेवक, आशा सेविका किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेला तरुण यांपैकी कोणीही हे काम करू शकतो. मात्र त्याच्या हाती अधिकृत पत्र आणि दोन्ही जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक असले पाहिजेत.

ओळख : संरक्षणाची की संशयाची?

राईनपाड्यानंतर भटक्या समाजांना ओळखपत्रे द्यावीत आणि त्यांनी नव्या गावी गेल्यावर पोलीस ठाण्यात नोंद करावी, अशा सूचना पुढे आल्या. ओळखपत्राचा उपयोग नाकारता येणार नाही. परंतु सोलापूरला याबाबत एक कडू इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत येथे ‘सेटलमेंट’ उभारली गेली. तारेच्या कुंपणात माणसे ठेवली गेली आणि त्यांची हजेरी घेतली गेली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून संपुष्टात आला. नोंदीची सक्ती केवळ भटक्यांवरच झाली, तर ती त्याच हजेरीचे नवे रूप ठरण्याचा धोका असतो. नोंद करून घेणाऱ्या ठाण्याने त्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची जबाबदारीही घेतली, गावच्या पोलीस पाटलाला आणि सरपंचाला तसे कळविले, तरच तिला संरक्षण म्हणता येईल.

दुसऱ्या बाजूचे गावही विसरता येत नाही. घटनेनंतर अटकेच्या भीतीने राईनपाड्यातील अनेक जण घरे सोडून गेले होते. दोषींना शिक्षा झालीच पाहिजे. परंतु संपूर्ण गाव कायमचे गुन्हेगार ठरले, तर आणखी एक समाज संशयाच्या कुंपणात जातो. ग्रामसभेत, शाळेत आणि बाजाराच्या दिवशी अफवांविषयी बोलणे, अनोळखी माणूस दिसल्यास ११२ क्रमांकावर कळविणे आणि पोलीस येईपर्यंत त्याला सुरक्षित बसविणे, एवढी सवय लागली तरी पुढचा बळी वाचू शकतो. मालेगावात तेच घडले होते.

कोठे संपर्क साधावा

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. विनामूल्य कायदेशीर सल्ल्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक, मानसिक आधारासाठी १४४१६, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

कुटुंबाने जपून ठेवावयाच्या कागदांची यादी लहान आहे : प्रथम खबरी अहवालाची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा जखमांचा दाखला, मृत्यूचा दाखला, आधार व शिधापत्रिका, बँक पासबुक आणि प्रत्येक अर्जाची पोच. या सर्वांच्या छायाप्रती गावातील एखाद्या विश्वासू व्यक्तीकडेही ठेवाव्यात. पालातील कागद पावसात टिकत नाहीत.

दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची आठवण मंगळवेढा आजही जपतो. आजच्या योजनांची कोठारे कायद्याने उघडीच आहेत. मात्र राईनपाड्यात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसारख्या लोकांना तेथवर नेणारा, त्यांच्यासोबत दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांत बसणारा आणि वर्ष उलटल्यावरही विचारपूस करणारा माणूस नेमण्याची पद्धत रूढ झालेली नाही. अशी नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांच्या एका आदेशाने होऊ शकते. पुढची घटना कोणत्या जिल्ह्यात घडेल हे सांगता येत नाही. ती घडल्यावर पहिल्या आठवड्यात कोणी कोणाच्या दारी जायचे, एवढे मात्र आजच ठरवून ठेवता येते.